सीमाभागात राहून आंतरराष्ट्रीय संबंध शिकायचे तर: पीयूसीपासून शेवटच्या सत्रापर्यंत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मुलामुलींनी ‘मला आंतरराष्ट्रीय संबंध शिकायचेत’ म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, ते शिकवतात कुठे? प्रश्न रास्त आहे. या नावाची स्वतंत्र पदवी देणाऱ्या संस्था देशात मोजक्याच आहेत आणि त्यातल्या बहुतेक आपल्यापासून लांब आहेत. मग कुणी विषयाचाच नाद सोडतं, तर कुणी जाहिरातीतलं नाव बघून वर्षाला लाखांत फी घेणाऱ्या खासगी विद्यापीठात जातं. निर्णय घेण्याआधी एवढं ध्यानात घ्या की पदवीच्या पातळीवर हा विषय राज्यशास्त्र, इतिहास आणि अर्थशास्त्र यांच्या सांध्यावर उभा असतो. हे तिन्ही पक्के असतील, जोडीला एक परकीय भाषा असेल आणि करार-ठराव मुळातून वाचायची सवय असेल, तर पदवीवर ‘राज्यशास्त्र’ छापलेलं असलं तरी पुढे एम.ए.ला काही अडत नाही. पाया कच्चा असेल तर मात्र पदवीचं नाव कामाला येत नाही. हा लेख तो पाया घालण्याबद्दल आहे.

पीयूसीची, म्हणजे अकरावी-बारावीची दोन वर्षं

कला शाखेत ‘एचईपीएस’ म्हणजे इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र हा गट मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. वाणिज्य शाखेतून आलात तरी चालेल, अर्थशास्त्र तयार असतं, इतिहास भरून काढावा लागतो. विज्ञान शाखेच्या मुलांना तिन्ही विषयांची सुरुवात करावी लागते, पण आकडे आणि आलेख वाचायची सवय असल्याने ती लवकर वर येतात.

खरी अडचण विषयाची नसते, ती इंग्रजीची असते. एसएसएलसीपर्यंत (दहावीपर्यंत) मराठी माध्यम आणि एकदम पुढे इंग्रजी, हा आपल्याकडचा नेहमीचा रस्ता. आंतरराष्ट्रीय संबंधांचं महत्त्वाचं साहित्य बहुतांशी इंग्रजीत आहे, आणि शब्द न् शब्द कोशात बघत वाचणारी मुलं दहाव्या पानावर पुस्तक मिटतात. त्याऐवजी असं करा. एनसीईआरटीचं बारावीचं जागतिक राजकारणाचं पुस्तक संकेतस्थळावर फुकट मिळतं. रोज चार पानं घ्या. एक परिच्छेद वाचा, पुस्तक मिटा, त्यात काय सांगितलं ते मराठीत एका वाक्यात समासात लिहा. वाक्य जमलं नाही तरच परत जाऊन अडलेला शब्द कोशात बघा. तीन आठवड्यांनी चारची आठ पानं करा. पहिल्या पंधरवड्यात हे फार संथ वाटतं आणि तिथेच बहुतेक जण सोडून देतात. महिनाभर टिकलात तर तेच शब्द पुन्हा पुन्हा भेटायला लागतात आणि वेग आपोआप येतो.

प्रवेश कुठे घ्यायचा

पहिली वाट घराजवळची. राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या कोणत्याही चांगल्या महाविद्यालयात राज्यशास्त्र, इतिहास आणि अर्थशास्त्र असे तीन विषय घेऊन बी.ए. कर्नाटकात २०२४-२५पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली आहे. खर्च कमी, घरचं जेवण, आणि वाचलेला वेळ भाषेला देता येतो. राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात आंतरराष्ट्रीय राजकारणाचा वाटा थोडाच असतो, बाकी स्वतः करावं लागतं. शिस्त असलेल्या मुलासाठी ही वाट आम्हांला सगळ्यांत व्यवहार्य वाटते.

दुसरी वाट कोल्हापूरची. शिवाजी विद्यापीठाच्या महाविद्यालयांत कला शाखेला उत्तरं मराठीत लिहिता येतात. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाखाली चौथ्या वर्षाचा पर्याय आहे. मराठीतून विचार खोल जातो हे खरं, पण एम.ए. इंग्रजीत करायचं असेल तर वरचा रोजचा वाचनाचा परिपाठ चुकवून चालणार नाही. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रात काही व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात वेगळी तरतूद असते. ती बी.ए.लाही लागू होईल असं गृहीत धरू नका, त्या त्या महाविद्यालयात लेखी विचारून घ्या.

तीन की चार वर्षं हा मुद्दा परदेशी एम.ए.साठी महत्त्वाचा. ब्रिटनमध्ये आणि युरोपात अनेक ठिकाणी तीन वर्षांची पदवी चालते. अमेरिकेतली पुष्कळ विद्यापीठं मात्र एकूण सोळा वर्षांचं शिक्षण मागतात. तिकडे जायचा विचार असेल तर हे पीयूसीच्या दुसऱ्या वर्षातच ठरवा.

तिसरी वाट केंद्रीय विद्यापीठांची, म्हणजे सीयूईटी या त्यांच्या सामाईक प्रवेश परीक्षेची. ही परीक्षा मराठी आणि कन्नडसह १३ भाषांत देता येते. २०२५मध्ये जास्तीत जास्त पाच विषय निवडता येत होते. प्रत्येक विषयाला ६० मिनिटांत ५० प्रश्न, सगळे सक्तीचे, बरोबर उत्तराला ५ गुण आणि चुकीला १ गुण वजा. मराठी माध्यम घेतलं तरी दिल्लीतलं शिकवणं बहुतांशी इंग्रजीतच असेल, हे लक्षात ठेवा. सगळ्यांत जास्त घोटाळा होतो तो विषयनिवडीत. अमुक अभ्यासक्रमाला कोणते विषय चालतात हे प्रत्येक विद्यापीठ वेगळं ठरवतं, आणि परीक्षा उत्तम जाऊनही चुकीचा विषय दिल्याने मुलं अपात्र ठरतात. आधी पाच अभ्यासक्रम ठरवा, त्यांचे पात्रता-नियम कागदावर शेजारी शेजारी लिहा, आणि मग अर्ज भरा. दिल्ली विद्यापीठात राज्यशास्त्र ऑनर्स आहे. जेएनयूत आंतरराष्ट्रीय अभ्यासाचं प्रसिद्ध विद्यालय प्रामुख्याने एम.ए. आणि संशोधनासाठी आहे. पदवीला तिथे परकीय भाषांचे बी.ए. ऑनर्स चालतात. आधी भाषेत पदवी आणि मग तिथेच आंतरराष्ट्रीय संबंधांत एम.ए., हा मार्ग फार थोड्यांच्या लक्षात येतो. आम्ही तो आवर्जून सुचवू. गोवा एक्सप्रेस लोंढा आणि बेळगावहून थेट दिल्लीला जाते, त्यामुळे अंतराची भीतीही थोडी कमी होते.

खास याच नावाची पदवी हवी असेल तर कोलकात्याचं जादवपूर विद्यापीठ सरकारी आहे, आणि तिथला हा विभाग देशातल्या सगळ्यांत जुन्यांपैकी एक आहे. खासगीत पुण्याचं फ्लेम आणि सोनीपतचं जिंदाल इथे अशा पदव्या आहेत. शिष्यवृत्ती लेखी हातात आल्याशिवाय कर्ज काढून खासगीत जाऊ नका. या विषयात पदवीनंतर लगेच मोठा पगार मिळत नाही आणि हप्ते मात्र लगेच सुरू होतात.

कागदपत्रं

इथे आपल्याकडची मुलं हकनाक अडकतात. कर्नाटकातल्या एसएसएलसीच्या गुणपत्रिकेवर अनेकदा नावाची फक्त आद्याक्षरं असतात आणि आधारवर वडिलांसह पूर्ण नाव. कन्नडमधून इंग्रजीत येताना आडनावाचं स्पेलिंगही बदलतं. ही तफावत पीयूसीच्या पहिल्या वर्षातच दुरुस्त करून घ्या, कारण अर्जाच्या खिडकीच्या तीन आठवड्यांत हे काम होत नाही. जुन्या दाखल्यांवर ‘बेळगाम’ आणि १ नोव्हेंबर २०१४नंतरच्या दाखल्यांवर ‘बेळगावी’ असतं, त्यावरून घाबरायचं कारण नाही. मात्र एकाच अर्जात दोन्ही लिहू नका.

दुसरी गोष्ट आरक्षणाची. कर्नाटकाची मागासवर्गीय यादी आणि केंद्राची ओबीसी यादी वेगवेगळ्या आहेत. मराठा समाज कर्नाटकात ‘३बी’ प्रवर्गात येतो. तो दाखला सीयूईटीत ओबीसी म्हणून लावला तर प्रवेश पडताळणीत रद्द होऊ शकतो. केंद्राच्या यादीत जात नसेल तर ईडब्ल्यूएसची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या आरक्षणाची अट तपासा. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि कुटुंबाकडे पाच एकर किंवा त्याहून जास्त शेतजमीन नको. एकत्र खात्यावर आजोबांच्या नावे जमीन असेल तर आधी तलाठी आणि तहसीलदार कार्यालयात ती कशी धरतात ते विचारा. हे दाखले नाडकचेरीतून (स्थानिक महसूल कार्यालयातून) निघतात आणि त्यांना आर्थिक वर्षाची मुदत असते. मार्चमध्ये काढलेला दाखला जूनमध्ये जुना ठरतो.

राज्य बदलणार असाल तर जुन्या मंडळाचं मायग्रेशन सर्टिफिकेट आणि नव्या विद्यापीठाचं पात्रता प्रमाणपत्र, हे दोन वेगळे कागद आहेत.

पहिल्या सत्रातला शब्दांचा गुंता

वर्ग सुरू झाले की मराठीतून विचार करणाऱ्याला एका साध्या शब्दाने दम लागतो, तो म्हणजे ‘राज्य’. आपण ‘कर्नाटक राज्य’ म्हणतो आणि पुस्तकात ‘राज्यांमधील संबंध’ वाचतो. पहिलं राज्य संघराज्याचा घटक आहे. दुसरं सार्वभौम आहे. त्याच्या डोक्यावर कुणी नाही, ते करार करू शकतं आणि युद्धही पुकारू शकतं. इंग्रजीतही ‘स्टेट’ दोन्हींना चालतो, पण सीमाभागातल्या मुलाचा गोंधळ अधिक खोल असतो. नकाशा, आयोग, न्यायालय, लोकांची भाषा हे सगळं त्याने घरातल्या चर्चेत ऐकलेलं असतं आणि तो नकळत तेच भारत-चीन सीमेला लावतो.

फरक कागदावर उतरवून पाहा. १९६६ साली नेमलेला महाजन आयोग केंद्र सरकारने नेमला होता. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला तो घटनेच्या १३१व्या कलमाखाली. म्हणजे दोन्ही पक्षांच्या वर एक छत्र आहे. भारत आणि चीन यांच्या वर असं छत्र नाही. या विषयात ज्याला ‘अराजक’ म्हणतात ते हेच. इथे अराजक म्हणजे दंगाधोपा नव्हे. सगळ्यांवर हुकूम चालवणारी सत्ता नसणं, एवढाच त्याचा अर्थ. पाण्याचंही तसंच. खानापूर तालुक्यात उगम पावणाऱ्या म्हादईचं पाणीवाटप १९५६च्या आंतरराज्य जलतंटा कायद्याखाली नेमलेल्या लवादाने २०१८ साली ठरवलं. सिंधूचं पाणीवाटप १९६०च्या कराराने ठरलं. त्यात जागतिक बँकेने मध्यस्थी केली होती, आणि २०२५च्या एप्रिलमध्ये भारताने तो करार स्थगित ठेवल्याचं जाहीर केलं. म्हादईच्या पाण्यावरूनच चाललेल्या कळसा-भांडुऱ्याच्या वादात कुणा एका राज्याला लवादाचा कायदाच ‘स्थगित’ करता येईल का, हा प्रश्न स्वतःला विचारा. उत्तर लिहिताना सार्वभौमत्व म्हणजे काय ते उमगतं.

म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही फक्त संज्ञांसाठी ठेवा. ‘पॉवर’ला कुठे सत्ता, कुठे शक्ती, कुठे सामर्थ्य म्हणायचं, ‘नेशन’ आणि ‘स्टेट’ यांतला फरक, ‘डिटरन्स’ म्हणजे समोरच्याला धाक वाटून त्याने पाऊलच न उचलणं. प्रत्येक संज्ञेखाली एक खरं उदाहरण लिहा. उदाहरण सुचलं नाही तर संज्ञा समजलेली नाही.

सहा सत्रं कशी वापरायची

पहिल्या वर्षी १८१५पासूनचा जगाचा इतिहास, कोरा नकाशा आणि संयुक्त राष्ट्रसंघाची सनद. सनदेत १११ कलमं आहेत. रोज दोन वाचली तर दोन महिन्यांत संपते. बळाच्या वापराला मनाई करणारं २(४), नकाराधिकाराचं मूळ असलेलं २७ आणि स्वसंरक्षणाचं ५१ ही पाठ असावीत. नकाशावर आठवड्यातून एकदा होर्मुझ, बाब-अल-मंदेब, सुएझ, मलाक्का हे अरुंद सागरी मार्ग हाताने भरायचे. दुसऱ्या वर्षी सिद्धांत आणि अर्थशास्त्र: चालू खातं (देशाच्या परकीय देण्याघेण्याचा हिशेब), विनिमय दर, आयात शुल्क. राज्यशास्त्राची मुलं अर्थशास्त्राला घाबरून ते टाळतात आणि पुढे व्यापार, निर्बंध, कर्ज यांपैकी कशावरच ठाम लिहू शकत नाहीत. तिसऱ्या वर्षी भारताचं परराष्ट्र धोरण, आंतरराष्ट्रीय कायदा आणि एक मोठा निबंध. वर्गात कमी शिकवलं जात असेल तर इग्नूचं साहित्य ई-ज्ञानकोशवर फुकट आहे.

सिद्धांत पाठ करून उपयोग नाही. एकच घटना घ्या आणि तीन चष्म्यांतून, म्हणजे वास्तववाद, उदारमतवाद आणि रचनावाद या तीन सिद्धांतांतून बघा. आपल्यासाठी सगळ्यांत जवळची घटना म्हणजे डिसेंबर १९६१ची गोव्याची कारवाई. फौजांची जमवाजमव बेळगाव भागात झाली आणि एक तुकडी अनमोडच्या बाजूने उतरली. १८ डिसेंबरला प्रकरण सुरक्षा परिषदेत गेलं. युद्धविराम आणि सैन्य मागे घेण्याच्या ठरावाला ७ मतं बाजूने आणि ४ विरोधात पडली, आणि सोव्हिएत संघाच्या नकाराधिकाराने तो पडला. वास्तववादी विचारेल, ताकदीचं गणित काय होतं आणि नकाराधिकाराची खात्री नसती तर भारताने तेव्हाच पाऊल उचललं असतं का? उदारमतवादी सनदेचं २(४) पुढे ठेवेल, अमेरिकेचा मुद्दा तोच होता. रचनावादी एक वर्ष मागे जाईल. १४ डिसेंबर १९६०ला आमसभेने वसाहतवाद संपवण्याचा १५१४ क्रमांकाचा ठराव केला, दुसऱ्या दिवशी १५४२ क्रमांकाच्या ठरावात पोर्तुगालच्या ताब्यातल्या प्रदेशांत गोव्याचं नाव आलं, आणि जगाची ‘योग्य काय’ याची कल्पनाच बदलली. जोडीला दादरा-नगर हवेलीच्या रस्त्यावरून पोर्तुगालने भारताविरुद्ध लढलेला आणि एप्रिल १९६०मध्ये निकाली निघालेला आंतरराष्ट्रीय न्यायालयातला खटला वाचा. चार पानांचं टिपण तयार करा: घटनाक्रम एक पान आणि प्रत्येक चष्म्याला एक पान. कोणता चष्मा कुठे अपुरा पडतो ते प्रत्येक पानाच्या शेवटी एका वाक्यात लिहा. या एका टिपणाने सिद्धांताचं निम्मं काम होतं.

मूळ कागद वाचायचा कसा: उसाचं उदाहरण

बातमी आणि मूळ कागद यांत किती अंतर असतं, हे उसाइतकं दुसऱ्या कशातून आपल्याला कळणार नाही. २०२५-२६च्या हंगामाला केंद्राने १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी, म्हणजे कारखान्यांनी उसाला द्यायची किमान किंमत, ठरवली. ही रक्कम हंगामात गावच्या कट्ट्यावर रोज निघते. पण याच एफआरपीवरून भारत जिनिव्हात हरला आहे. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी २०१९ साली जागतिक व्यापार संघटनेत तक्रारी केल्या, त्यांचे क्रमांक डीएस ५७९, ५८० आणि ५८१. तीन आठवडे, आठवड्याला दोन-तीन तास ठेवून हे प्रकरण पुढील क्रमाने वाचा.

आधी संघटनेच्या संकेतस्थळावरचा डीएस ५७९चा गोषवारा. त्यातून फक्त तारखा आणि पक्ष वहीत उतरवा. मग शेतीविषयक कराराचं ६वं कलम, ७वं कलम आणि तिसरं परिशिष्ट. मजकूर थोडा आहे पण घट्ट आहे, घाई करू नका. विकसनशील देशाने एका पिकासाठी द्यायच्या आधाराची मर्यादा त्या पिकाच्या उत्पादन-मूल्याच्या १० टक्के आहे, आणि आधार मोजताना तुलनेची किंमत १९८६-८८ची धरतात. इथे थांबून हिशेब करून पाहा: जवळपास चाळीस वर्षांपूर्वीची किंमत धरली तर आजची कोणतीही हमी किंमत प्रचंड ‘आधार’ दिसणारच. वादाचा गाभा हा आहे आणि बातम्यांत तो क्वचित येतो.

तिसऱ्या टप्प्यावर १४ डिसेंबर २०२१च्या पंच-अहवालाचा फक्त निष्कर्षांचा भाग. अख्खा अहवाल पहिल्या पानापासून वाचायला घेतला की मुलं हमखास हरतात. भारताचं म्हणणं होतं की एफआरपी सरकार देत नाही, कारखाने देतात, मग तो सरकारी आधार कसा? पंचांनी ते मान्य केलं नाही. किंमत सरकारने बांधली की पुरे, पैसे कुणाच्या खिशातून गेले हे गौण, असा त्यांचा अर्थ. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाच हंगामांत मर्यादा ओलांडल्याचा निष्कर्ष निघाला. भारताने अपील केलं. पण अपील मंडळावरच्या नेमणुका अमेरिकेने अडवून धरल्याने ते डिसेंबर २०१९पासून बंद पडलेलं आहे. म्हणजे निकाल विरुद्ध गेला, तरी तो अंमलात आणायची पायरी पुढे सरकत नाही.

शेवटी एकच पान लिहा: तक्रारदार कोण, नियम कोणता, वस्तुस्थिती काय, भारताचा बचाव काय, निकाल काय, पुढे काय. दुसऱ्या बाजूचा सगळ्यांत भक्कम युक्तिवादही त्याच पानावर हवा. ‘श्रीमंत देश आपल्या शेतकऱ्यावर अन्याय करतात’ एवढंच लिहाल तर ब्राझील आणि ग्वाटेमाला हे श्रीमंत देश नाहीत, याचं उत्तर तुमच्याकडे नसेल. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला हे कठीण जातं, आणि नेमकं म्हणूनच त्याने ते करायला हवं. विरोधी बाजू नीट मांडता आली तरच आपली बाजू पुढे कुठल्या परिषदेत टिकेल.

ही रीत बसली की विषय आजूबाजूला सापडतात. निपाणीच्या तंबाखूच्या वखारी आणि जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रण करार (लागू २००५, भारताची मान्यता २००४). त्यातलं १७वं कलम तंबाखूवर जगणाऱ्यांना पर्यायी रोजगार देण्याबद्दल आहे, ते इथे किती उतरलं? बेळगावच्या फाउंड्रीतून युरोपात जाणारा माल आणि युरोपीय संघाचा सीमेवरचा कार्बन कर, ज्याचा प्रत्यक्ष टप्पा १ जानेवारी २०२६ला सुरू झाला. यात पहिलं काम एवढंच: कारखान्याच्या बिलावरचा एचएस कोड (मालाच्या प्रकाराचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) बघायचा आणि तो या कराच्या यादीत आहे की नाही ते तपासायचं. अशा विषयावरचा अडीच-तीन हजार शब्दांचा निबंध दिल्लीतल्या मुलाला घरबसल्या लिहिता येणार नाही. शेवटच्या वर्षाचा निबंध इथूनच निवडा. ‘भारत-अमेरिका संबंध’ असले विषय घेऊ नका, त्यांत नवं सांगायला जागाच उरत नाही.

भाषा

संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांत फ्रेंच, स्पॅनिश, रशियन, अरबी, चिनी आणि इंग्रजी येतात. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट, आलियान्स फ्रान्सेज, मॅक्स म्युलर भवन आहेत, आणि कोल्हापुरात विद्यापीठाचा विदेशी भाषा विभाग. आपल्यासाठी एक वेगळी शिफारस: पोर्तुगीज. गोवा विद्यापीठात ती शिकवतात, पणजी चोर्ला घाटातून काही तासांवर आहे, शिकणारे कमी आहेत, आणि ब्राझील, अंगोला, मोझांबिक यांच्याशी भारताचा व्यवहार मोठा आहे. साखरेच्या वादातला मुख्य तक्रारदार ब्राझीलच होता, हेही आठवा.

बी१ या मध्यम पातळीला साधारण ४०० तास लागतात. आठवड्याला चार तास दिले तर दोन वर्षं. ए१चं, म्हणजे अगदी पहिल्या पातळीचं प्रमाणपत्र घेऊन थांबणं म्हणजे ती मेहनत वाया घालवणं, कारण त्या पातळीवर वर्तमानपत्र वाचता येत नाही. दोन भाषा एकदम सुरू करू नका. आणि कन्नड वाचायला टाळू नका. ऊस, तंबाखू, पाणी यांवरचे राज्य सरकारचे मूळ आदेश कन्नडमध्ये असतात. मराठी, कन्नड, इंग्रजी आणि पोर्तुगीज किंवा फ्रेंच अशा चार भाषांत कागद वाचणारा संशोधक सहज सापडत नाही.

कुठे बिघडतं

रोज रात्री टीव्हीवरची चर्चा ऐकणं हा अभ्यास नव्हे. त्याऐवजी परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरची साप्ताहिक पत्रकार परिषद आणि संयुक्त निवेदनं वाचा. एकाच देशाबरोबरची दोन वर्षांची निवेदनं शेजारी ठेवून कोणता शब्द गळला आणि कोणता आला ते रेघ मारून बघा. मुत्सद्देगिरीत धोरणातला बदल आधी शब्दांत दिसतो. संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीचे अहवालही असेच उपयोगी आहेत.

पहिल्या वर्षापासून यूपीएससीच्या नोट्सवर विसंबणं ही दुसरी चूक. परराष्ट्र सेवा ध्येय असेल तर हरकत नाही. मुख्य परीक्षा मराठीत लिहिता येते, ‘राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध’ हा वैकल्पिक विषय २५० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिकांचा आहे, आणि पात्रतेपुरती इंग्रजीची सक्तीची प्रश्नपत्रिका असते. पण पूर्वपरीक्षा फक्त हिंदी-इंग्रजीत असते आणि परराष्ट्र सेवेच्या जागा दरवर्षी मोजक्याच. म्हणून दुसरं दार उघडं ठेवा: एम.ए. करून नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा), तीन वर्षांचं एलएल.बी. आणि पुढे आंतरराष्ट्रीय कायदा, भाषांतर, पत्रकारिता, निर्यातीचं काम. पालकांनाही हे पहिल्याच वर्षी स्पष्ट सांगा. तिसऱ्या वर्षी सांगितलं की घरात वाद होतो.

शेवटचं वर्ष

सीयूईटी-पीजीची परीक्षा सहसा मार्चमध्ये होते आणि अर्ज त्याआधी दोन-तीन महिने निघतात. म्हणजे पाचवं सत्र संपतानाच तयारी हवी. तोवर हाताशी एक पूर्ण निबंध, गोव्याचं आणि उसाचं अशी दोन टिपणं, आणि निदान बी१च्या जवळ पोचलेली भाषा असावी. शिफारसपत्रासाठी दोन अध्यापकांना ऑक्टोबरमध्येच भेटा आणि सोबत निबंधाची प्रत द्या. लिखाण वाचलेला अध्यापक नेमकं लिहितो, न वाचलेला ‘होतकरू विद्यार्थी’ एवढंच लिहितो. सहाव्या सत्राचा निकाल लांबला तर प्रवेशाची मुदत हुकू शकते. म्हणून मे महिन्यातच महाविद्यालयाकडून पाच सत्रांच्या गुणपत्रिका साक्षांकित करून घ्या आणि अंतिम निकाल केव्हापर्यंत चालेल हे नव्या विद्यापीठाकडून ईमेलवर लेखी मागून ठेवा.